न सुटणाऱ्या गाडीची निवेदिका

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांची माफी मागितली, पण मनापासून एकदाही नाही. तिची नोकरीच तशी होती. शहराच्या मुख्य स्टेशनात पार्सल ऑफिसच्या वर एक बिनखिडकीची खोली होती. तिथे बसून ती माइकवरून गाड्या सांगायची. कुठली आली, कुठली सुटणार, कुठली कुठे अडकून पडली आहे. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हे ती इतक्या गोड, ओलसर आवाजात म्हणायची की फलाटावर ताटकळलेल्या माणसाला उलट आपणच लवकर आलो याची लाज वाटावी. शहरात तिला सगळे 'दिलगीरबाई' म्हणायचे. चेहऱ्याने मात्र कोणीच ओळखत नव्हतं.

घरी ती दिलगीर वगैरे काही नव्हती. आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची, आणि घरात पाऊल टाकलं की दिवसभराचा गोडवा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची. आईने नवा पडदा लावला तर म्हणायची, "छान आहे गं. खिडकी लपते हे बरं." मी परीक्षेत दुसरी आले तेव्हा तिने पहिल्या आलेल्या मुलीची चौकशी केली. आई तिला वन्सं म्हणायची आणि मागे फिरून दात-ओठ खायची. पण आईला ताप आला की पहिली मोसंबी आत्याच आणायची, आणि सोलून देताना म्हणायची, "आजारी माणसाने निदान गप्प तरी पडावं."

निवृत्तीला थोडा काळ उरला तेव्हा रेल्वेने तिचा मोठाच सन्मान केला. एका काचेच्या खोलीत बसवून तिच्याकडून सगळं वदवून रेकॉर्ड करून घेतलं. शून्य ते शंभर आकडे, सगळ्या स्टेशनांची नावं, 'थोड्याच वेळात', 'उशिराने', 'रद्द', 'कृपया', आणि अर्थातच 'दिलगीर आहोत'. यंत्रवाल्याला तिचा 'शून्य' पुरेसा प्रसन्न वाटला नाही म्हणून तो परत घेतला. तिने सगळं मन लावून केलं. काम संपलं आणि तिला हार घालून घरी पाठवलं. तिचा आवाज तेवढा कामावर राहिला.

"मी रिटायर झाले," ती लोकांना सांगायची, "पण घशाला अजून मुदतवाढ आहे."

ती वर्षभर घरी बसली. आई त्या वर्षाबद्दल फारसं बोलत नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या शहरात एक कारंजं झालं. साधं नव्हे, रंग बदलणारं. वर्तमानपत्रात फोटो आले, लोक इथून गाड्या करून बघायला गेले, आणि आमच्या महापौरांना अन्न गोड लागेना. आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे याचा शोध सुरू झाला. पुष्कळ शोधल्यावर रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यामागे, कमरेएवढ्या गवतात, एक जुना लाकडी डबा सापडला. त्यात झाडू आणि रंगाचे रिकामे डबे ठेवत असत, आणि एका मांजरीच्या कित्येक पिढ्या तिथेच जन्मलेल्या होत्या. मांजरांना हाकलून डब्याला शहराचा वारसा म्हणून घोषित करण्यात आलं.

समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले शहरातले मोठे फर्निचरवाले. इतिहासाचे एक प्राध्यापकही होते, पण पहिल्याच बैठकीत ते म्हणाले की हा साधा दुसऱ्या वर्गाचा डबा आहे. पुढच्या बैठकांचं बोलावणं त्यांना गेलं नाही. फर्निचरवाल्यांना मात्र डब्यात पाऊल टाकताच जाणवलं की इथे कोणीतरी राजकन्या बसून गेली असणार. बाहेर फलक लागला, 'या डब्यातून राजकन्येने प्रवास केला असावा.' पुढे उन्हाने फलक विटला म्हणून नवा केला, तेव्हा रंगाऱ्याला जागा कमी पडली आणि 'असावा' गेला. 'प्रवास केला' एवढंच राहिलं. त्या दिवसापासून राजकन्या पक्की झाली. तिच्यासाठी जांभळ्या मखमलीच्या गाद्या बसवल्या. फर्निचरवाल्यांच्या दुकानात ती मखमल बरीच वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत होती, हा निव्वळ योगायोग.

डबा शहराच्या मधोमध चौकात, औषधांचं दुकान आणि बसथांबा यांच्या मध्ये, रुळांच्या एका तुकड्यावर उभा केला. पुढे गुलाबाचा वाफा, मागे गुलाबाचा वाफा. बसथांब्याचं नावही बदलून 'रेल्वे डबा' केलं. आता या वैभवाला साजेसा आवाज हवा होता. फर्निचरवाले आमच्या घरी आले, आमच्या सोफ्याकडे दयेने बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणजे या शहराचा जिवंत वारसा."

"जिवंत आहे तोवर बोला," आत्या म्हणाली. "काम काय?"

काम म्हणजे डब्यात उभं राहून लोकांना माहिती सांगायची. अंगात जुन्या धाटणीचा लांब कोट आणि डोक्यावर पीस खोवलेली टोपी.

"टोपी घालीन. पीस कोंबडीला परत करा."

पीस राहिलंच. आत्या कामावर रुजू झाली, आणि आईने त्या दिवशी दुपारी कित्येक महिन्यांनी पाय पसरून झोप काढली.

समितीने लिहून दिलेलं आत्याने एकदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. ती आपल्या जुन्या ओलसर आवाजात सुरू करायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राजकन्येची विशेष गाडी आपल्या ठरलेल्या वेळी सुटणार नाही. ती उद्याही सुटणार नाही. या शहरात वेळापत्रक तंतोतंत पाळणारी ही एकमेव गाडी आहे." मग गाद्यांकडे हात करून, "ही मखमल राजकन्येला फार आवडायची, असं मखमल विकणाऱ्यांचं म्हणणं आहे." लोक पोट धरून हसायचे. फर्निचरवालेही हसायचे, कारण सगळे हसताना गंभीर राहिलं तर संशय येतो. गर्दी वाढली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. शेजारच्या शहरातून लोक गाड्या करून आमच्याकडे यायला लागले, आणि महापौरांना अन्न गोड लागू लागलं.

दोन वर्षं हे छान चाललं. पण डबा रंगवणाऱ्यांनी खिडक्या अर्धवट उघड्या असतानाच त्यावर रंग चढवला होता, त्यामुळे त्या ना मिटत होत्या ना उघडत होत्या. थंडीचा वारा थेट आत, त्यात मखमलीची धूळ. आत्याचा आवाज बसला. आठवडा झाला, दोन झाले, मोकळा होईना. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं.

"छोटी गाठ आहे. साधीच आहे, काढून टाकू. पण नंतर तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही."

बाबांनी हळूच विचारलं, "तीन महिने पुरेत ना? घाई नाही आमची."

आत्याने त्यांच्याकडे जे पाहिलं, त्याला आवाजाची गरज नव्हती.

शस्त्रक्रिया नीट झाली. आत्या गळ्यात दोरीने एक छोटी पाटी अडकवून घरात फिरू लागली. आम्हाला वाटलं होतं की आता सुटका झाली, पण झालं उलटंच. तोंडाने दिलेला टोमणा हवेत विरून जातो. पाटीवरचा तिथेच राहतो, आणि ती पाटी जेवणाच्या टेबलावर उभी करून ठेवायची. "मीठ कमी. की मीच आजारी?" हे वाक्य आमच्यासमोर अख्खी एक संध्याकाळ उभं होतं.

तिकडे डबा मुका पडला होता. समितीला तोड सुचली. रेल्वेकडे आत्याचा आवाज होताच, तो आणून यंत्रात भरायचा. फर्निचरवाले परवानगी मागायला नव्हे, बातमी द्यायला आले. "तुमचाच आवाज आहे, मॅडम. परका थोडाच बसवतोय!"

आत्याने पाटीवर लिहिलं, "मग मी कोण?"

"तुम्ही दारात बसा ना, टोपी घालून. लोकांना बरं वाटतं."

त्या यंत्रात फक्त स्टेशनवरचेच शब्द होते. राजकन्या नव्हती, मखमल नव्हती. जोडजाड करून जे वाक्य तयार झालं ते असं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विशेष गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे." थोड्या थोड्या वेळाने हे वाजायचं. समितीला ते फार आवडलं. अगदी खरंखुरं वाटतं, असं ठरलं. खरंखुरं वाटणं हाच त्यातला धोका आहे, हे समितीत कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

एके दिवशी आत्या डॉक्टरांना घसा दाखवायला गेली होती. दारात तिच्या जागी अध्यक्षांचे मेहुणे होते. त्या सकाळी डोंगरापलीकडच्या एका गावातून एक म्हातारं जोडपं शहरात आलं. म्हातारा सुतार होता. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि ती रेल्वेच्या रस्त्यावर दूर कुठेतरी राहत होती. तिच्याकडे जायला निघालेले हे दोघे आधी कधी गाडीत बसलेले नव्हते. बसच्या कंडक्टरला म्हाताऱ्याने सांगितलं, "आम्हाला रेल्वेला उतरवा." कंडक्टरने 'रेल्वे डबा' थांब्यावर उतरवलं. समोर खरोखरच रेल्वेचा डबा उभा, आणि आतून एक बाई प्रेमाने सांगतेय की गाडी थोड्याच वेळात सुटेल.

दोघे चढले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि गोणपाटात बांधलेला पाळणा. नातवंडासाठी सुताराने स्वतः केलेला, सुटा करून बांधलेला. मेहुण्यांना वाटलं, समितीने जुन्या काळचे प्रवासी म्हणून माणसं भाड्याने आणली असणार. त्यांनी स्वतः ट्रंक वर चढवायला हात लावला. बघायला आलेल्या लोकांनाही तसंच वाटलं. काही जणांनी म्हाताऱ्याशेजारी बसून फोटो काढून घेतले. "काय अभिनय करतात!" असं एक बाई म्हणाल्याही.

आत्या दुपारी परत आली तेव्हा मेहुणे जेवायला गेले होते. डब्यात सुतारीणबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर पाव आणि उकडलेली अंडी. पाळणा समोरच्या मखमलीवर आडवा. आत्याने एका नजरेत ओळखलं की हे बघायला आलेले नाहीत, जायला निघालेले आहेत. तिने हातांनी खुणा केल्या. नाही, जाणार नाही, उतरा.

सुतार म्हणाला, "तिकीट ना? दारातल्या साहेबांनी दिलं." आणि त्याने राजकन्येचं चित्र असलेलं शोभेचं तिकीट दाखवलं.

आत्याने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही गाडी जात नाही." सुताराने पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "चष्मा ट्रंकेत तळाला आहे. गाडी सुटली की काढतो."

शेवटी आत्याने डॉक्टरांचं बोलणं मोडलं. घशातून जे बाहेर आलं ते शब्द होते की घरघर, सांगणं कठीण. "ही... गाडी... जात नाही."

नेमका त्याच क्षणी वरचा कर्णा बोलला. स्वच्छ, ओलसर, मायाळू. "विशेष गाडी थोड्याच वेळात सुटेल."

"ऐकलंत?" सुतार म्हणाला. "ती आतली बाई सकाळपासून सांगतेय. तिला माहीत असणार का तुम्हाला?"

"ती खोटं सांगतेय."

"छे हो. इतक्या चांगल्या आवाजाची बाई कशाला खोटं बोलेल?"

"ती बाई मीच आहे!"

सुतारीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आत्याच्या टोपीकडे, मग पिसाकडे. आणि त्या फार हळुवारपणे म्हणाल्या, "हो गं बाई, हो. तूच आहेस. बस इथे. सकाळपासून काही खाल्लंस का?" आणि त्यांनी तिच्या हातात एक सोललेलं अंडं ठेवलं.

आत्या सांगते की त्या क्षणी तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं आपण त्या बिनखिडकीच्या खोलीतून जे काही म्हणालो ते लोकांनी असंच, डोळे मिटून, खरं मानलं असणार. आणि आपण मात्र बोलताना मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असायचो. एका हातात अंडं धरून ती डब्याच्या टोकाला गेली, लाकडी फळी ओढून काढली आणि आतल्या यंत्राची जी वायर हाताला लागली ती खेचली. "थोड्याच... थोड्याच... थोड्याच..." करत तिचा आवाज गपकन बंद पडला.

"काय झालं?" सुताराने घाबरून विचारलं.

आत्याकडे एकच शब्द शिल्लक होता. "रद्द."

आणि त्यावर दोघांनीही तात्काळ विश्वास ठेवला. सुतार उठून वळकटी बांधायला लागला. "तरी मी म्हणत होतो," तो बायकोला म्हणाला, "इतक्या गाद्या असलेली गाडी आपल्यासाठी कशी सोडतील?"

खरी गाडी केव्हाच निघून गेली होती. दुसरी थेट उद्या. आत्या त्यांना आमच्या घरी घेऊन आली. आईने दार उघडलं तर समोर टोपीवाली आत्या, तिच्यामागे ट्रंक, ट्रंकेमागे म्हातारा, म्हाताऱ्यामागे गोणपाट. आईने प्रश्न विचारण्याची सवय आत्याच्या सहवासात सोडलेली होती. तिने तांदळात आणखी तांदूळ घातले. बाबांनी पाळणा जोडून बघितला, उलटा जोडला, आणि सुताराने तो परत सुटा केला. सुतारीणबाई आईला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचं डोकं जरा... पण मनाने फार चांगली आहे हो."

आई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा तिने वन्संची बाजू घेतली. "डोकं शाबूत आहे त्यांचं. मनाचं अजून नक्की नाही."

सकाळी स्टेशनवर निघताना सुतारीणबाईंनी आत्याचा हात धरला तो सोडेनात. गाडी खरी आहे का, जाते का, कुठे उतरायचं, त्यांचा आता कशावरच विश्वास राहिला नव्हता. आत्याने एका पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि पाटी गळ्यात घातली. आई म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

पाटीवर उत्तर आलं, "नवरा-बायको आहेत. तेच बोलत नाहीत, मी कशाला बोलू?"

आत्या जन्मात कधी तिसऱ्या स्टेशनापलीकडे गेलेली नव्हती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कामाचं ठिकाण स्टेशन, आणि सुट्टीत कोणी स्टेशनवर जातं का? ती खिडकीला नाक लावून बसली. जी नावं तिने हजारो वेळा एवढ्या अदबीने उच्चारली होती, ती एकेक समोरून जाऊ लागली. परत आल्यावर तिने त्यांचा आढावा घेतला. एका गावी एक बाक आणि एक कुत्रा, बाक मोडका, कुत्रा बरा. एका जंक्शनबद्दल तिला तरुणपणापासून आदर होता, तिथे फक्त कोळशाचे ढीग. "आणि ज्याचं नाव मी कायम घाईत गुंडाळायचे," ती म्हणाली, "तिथे फलाटाला लागून अख्खं तळं आहे गं. कमळं. कोणी सांगितलंच नाही मला."

ते पोचले तेव्हा मुलगी बाळंत झालेली होती. मुलगी झाली होती. सुताराने दारातच गोणपाट सोडलं. आत्या दोन दिवसांसाठी गेली होती ती महिनाभर राहिली. बोलायचं नव्हतंच, मग बाळाला मांडीवर घेऊन बसायची. बाळ रडायचं, आत्या ऐकून घ्यायची. आयुष्यात तिने कोणाचंच एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा आवाजही परत आला होता, पण तो नव्हे. आता ती बोलते तेव्हा कोणीतरी पत्र्यावरून लोखंडी खुर्ची ओढतंय असं वाटतं. फर्निचरवाले भेटायला आले. यंत्राच्या नासधुसीबद्दल ते मोठ्या मनाने काहीच बोलले नाहीत, कारण त्या दुपारी कोणीतरी केलेलं चित्रीकरण घराघरांत पोचलं होतं आणि डब्यापुढे रांगा लागत होत्या. लोक आता घरून ट्रंका घेऊन येत आणि मखमलीवर बसून अंडी खातानाचे फोटो काढत.

"पण मॅडम, हा आवाज... राजकन्येच्या डब्याला जरा..."

"जरा काय?"

"म्हणजे तुम्ही नुसत्या बसा. न बोलता. टोपी घालून."

आत्याने आतून टोपी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "राजकन्या आली की तिला घाला."

यंत्र दुरुस्त झालं आहे. डब्यावर आता नवा फलक आहे, 'ही गाडी सुटत नाही.' त्याच्या खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, राजकन्येने केलेल्या प्रवासाची माहिती आहे. दोन्ही फलक एकाच रंगाऱ्याने केले, आणि कोणालाच काही खटकलेलं नाही.

आत्याने मात्र एकेक स्टेशन धरलं. मनात आलं की पिशवी उचलते, कुठल्या तरी बाक-आणि-कुत्र्याच्या गावी उतरते, एखादा दिवस राहते, नावं ठेवते आणि परत येते. बहुतेक वेळा सुतारीणबाई बरोबर असतात. आत्याचं डोकं ठिकाणावर आहे यावर त्यांचा अजूनही पूर्ण विश्वास नाही, आणि म्हणूनच तिला एकटीला सोडणं त्यांना बरोबर वाटत नाही.

गेल्या महिन्यात दोघी शेवटच्या स्टेशनपर्यंत गेल्या. तिथे समुद्र आहे. काल फोन आला. बाबांनी विचारलं, "ताई, परत कधी येतेस?" तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पाणी गार आहे, जेवणाला चव नाही, उशी दगडासारखी आहे, खोलीवाला मूर्ख आहे, सुतारीणबाई घोरतात.

"मग ये ना परत."

"कशी येऊ? खोली अजून महिनाभर घेतली आहे."